दाव्यावर बसणारे आबा

आमच्या विहिरीला बारा महिने पाणी होतं आणि आम्ही कोरडवाहू होतो. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी काहीतरी चमकदार बोलायचं म्हणून बोलते. पण खरंच तसं होतं. नरडाण्याच्या स्टेशनापासून पायी तासाभरावर आमचं गाव. तिथे आजोबांची पाच एकर जमीन आणि त्या जमिनीच्या मधोमध ही विहीर. माझे वडील, म्हणजे नाना, आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो, या दोघांनी तरुणपणी ती हातांनी खणली होती. आजोबा गेल्यावर जमिनीची तोंडी वाटणी झाली, मधे बांध पडला आणि विहीर बांधावर राहिली. दोन्हीकडून मोट चालायची. कुणाची तक्रार नव्हती.

मग मोठेबाबा विजेच्या मोटारीसाठी अर्ज करायला गेले, तेव्हा सातबाऱ्यावर विहिरीची नोंद एकट्या नानांच्या नावावर निघाली. कुणी केली, कशी केली, चुकून की मुद्दाम, ते आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. नाना म्हणाले, मला माहीत नाही. मोठेबाबा म्हणाले, तुला नाही तर कुणाला माहीत. दावा लागला. कोर्टानं निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' असा हुकूम दिला. म्हणजे पिण्यापुरता हंडा भरा, शेताला पाणी कुणीच घ्यायचं नाही.

तेव्हा मी तिसरीत होते. मी बी.ए. झाले तरी जैसे थेच होतं.

तेवढी सगळी वर्षं माय खुरपं घेऊन दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जायची. वाट विहिरीवरूनच होती. नाना नरडाण्याला कारखान्यांच्या बांधकामावर विटा वाहायचे. मोठेबाबांच्या घरीही हेच. कधीकधी माय आणि मोठीमाय, म्हणजे काकू, एकाच शेतात निंदायला असायच्या; दोघी दोन टोकांच्या ओळी धरायच्या आणि दिवसभर एकमेकींकडे पाठ करून खुरपायच्या.

शिकले ती मी. आमच्या बुद्धवाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, हे मी आजही सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. धुळ्याला वसतिगृहात राहून मराठी विषय घेऊन पदवी घेतली, टायपिंगची परीक्षा दिली. नाना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे, "मनी पोर बी.ए. शे." पण नोकरी लागेना. म्हणून मी धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली भाड्याचा टाइपरायटर घेऊन बसले. तिथल्या ओळीत बाई मी एकटीच. आणि तिथेच मला आबा भेटले.

ते आले ते हातात एक चुरगळलेला कागद घेऊन. म्हणाले, "पोरी, हे वाचता आलं तर टाइप कर. नाही आलं तर तुझी चूक नाही. माझं अक्षर म्हणजे न बजावलेलं समन्स. कुणाला लागूच पडत नाही."

आबा कोर्टातले निवृत्त बेलिफ. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात समन्स नेली, जप्त्या केल्या, ताबे दिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी उलटा धंदा सुरू केला. धंदा म्हणायचा एवढंच, त्याची पाटी नव्हती. वर्षानुवर्षं कुजत पडलेले दावे आपसात मिटवायचे. काही वकील त्यांना हसायचे, पण एखादं प्रकरण अगदीच चिघळलं की तेच वकील पक्षकाराला हळूच सांगायचे, एकदा आबांना भेटून घ्या. जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत त्यांची खोली होती. एक सतरंजी, एक स्टोव्ह, एक लाकडी कपाट. अंगावर कायम धोतर, पांढरी टोपी आणि बेलिफ असतानाचा काळा कोट, जो तोपर्यंत तपकिरी झाला होता. चार-सहा महिन्यांत मी झाडाखालून उठून त्यांच्या खोलीत बसायला लागले.

पहिल्या दिवशी मी पाहिलं ते असं. एक शेतकरी दाव्याच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला. आबांनी तो घेतला, सोडला नाही, वाचला नाही, सतरंजीवर ठेवला आणि त्यावर बसले. शेतकरी बघत राहिला. आबा म्हणाले, "आता सांग. बठ्ठं, सगळं सांग." तो तासभर बोलला. आबा त्याच्या दाव्यावर बसून ऐकत होते.

मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे. पुढे कळलं, ही रीत होती. दोन्ही घरी जाऊन आल्याशिवाय ते कागद उघडत नसत, तोवर त्यांची बैठक त्याच गठ्ठ्यावर. म्हणायचे, कागद आधी वाचला की माणूस कागदासारखा दिसायला लागतो. मी एकदा विचारलं, पण मग कागदातलं महत्त्वाचं काही सुटलं तर? ते म्हणाले, "कागदातलं काही सुटत नाही. वकिलांनी ते घट्ट बांधलेलं असतं."

लोकांना वाटतं, तडजोड करणारा माणूस म्हणजे गोड बोलणारा माणूस. आबा गोड बोलत नसत. मुळात बैठकीच्या दिवशी ते फारसं बोलतच नसत. त्यांचं सगळं काम बैठकीच्या आधी होऊन गेलेलं असायचं. भांडण दुपारच्या वेळी सुरू झालं असेल तर ते भर दुपारीच त्या जागेवर जाऊन बसायचे. म्हणायचे, उन्हात झालेलं भांडण सावलीत बसून कळत नाही. दोन्ही घरी एकेकदा जेवायचे. भाकरी-ठेचा असेल तर तो, भरीत असेल तर ते. जेवताना दाव्याचा शब्द काढायचा नाही. आणि बैठकीच्या दिवशी आधी सगळ्यांना जेवू घालायचं, मग बोलायचं. "उपाशी माणूस तडजोड करत नाही, शरण येतो," ते म्हणायचे, "आणि शरण आलेला घरी जाऊन अपील करतो."

बैठकीच्या आदल्या दिवशी तालीम असायची. आबा वादी होत, मला प्रतिवादी करत, मग उलट. मी व्यवस्थित मुद्दे मांडायची. ते ऐकून म्हणायचे, "फार शिकलेलं बोलतेस. तुझी गाडीवाट बंद झाली आहे, तुझे बैल चार मैल वळसा घालतात, आणि तू निबंध लिहितेस." मग ते स्वतः उठून त्या माणसासारखं बोलून दाखवायचे. शिव्यांसकट. शेजारची बाई एकदा धावत आली होती, आबांना कुणी मारतंय की काय म्हणून.

त्या गाडीवाटेच्या प्रकरणात मी त्यांची आणखी एक तयारी पाहिली. साक्रीकडचे दोन शेजारी शेतकरी, सहा वर्षं बोलणं बंद. आबांनी दोघांना समोरासमोर बसवलं नाही. शेजारी शेजारी बसवलं आणि पुढ्यात फरशीवर खडूनं त्यांच्या शेतांचा नकाशा काढला. नकाशा चुकलेला होता. मला घाम फुटला, कारण आबा त्या शेतात तीनदा जाऊन आले होते. बोरीचं झाड त्यांनी भलत्याच कोपऱ्यात काढलं होतं.

मग एकजण म्हणाला, "आबा, ती बोर तठे नही शे."

दुसऱ्यानं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "नहीच शे. ती पलीकडे, नालाजवळ."

सहा वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते आबांच्या चुकीवर. पुढे दोघांनी मिळून आबांच्या हातातला खडू काढून घेतला. ते गेल्यावर आबांनी मला एक कागद दाखवला. त्यावर तो चुकीचा नकाशा त्यांनी पाच-सहा वेळा गिरवून पाहिला होता. म्हणाले, "चूक अशी पाहिजे की दोघांनाही सुधारावीशी वाटेल. एकाच्या फायद्याची चूक काढली तर तो गप्प बसतो. मग संपलं."

हे सगळं ते का करत, हे त्यांनी एकदाच सांगितलं. बेलिफ असताना एका घराचा ताबा द्यायचा हुकूम घेऊन ते गेले होते. घरातली बाई दार सोडेना. कडीला धरून उभी राहिली. शेवटी सुतार बोलावून आबांनी दार चौकटीसकट काढलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ताबा शांततेत दिला. "निकाल म्हणजे काय ते वकिलांना माहीत नसतं," ते म्हणाले, "मी तो दोन माणसांबरोबर उचलून बाहेर ठेवला आहे."

आता त्या वहीविषयी. आबांच्या कोटाच्या खिशात एक छोटी वही असायची. मला वाटायचं त्यात मुद्दे असतील. एकदा ते बाहेर गेले असताना कोट खुंटीवर होता आणि मी वही उघडली. चूक होती, पण उघडली. आत मुद्दे नव्हते. प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांची नावं आणि नावाखाली रेघा. एका बाजूला लिहिलेलं 'आमना', म्हणजे आमचा, दुसऱ्या बाजूला 'आपला'. 'आमना'खाली रेघांचं जंगल. 'आपला'खाली कुठे एक, कुठे काहीच नाही.

आबा आले तेव्हा मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. उलट कुणाला तरी सांगायचं राहून गेल्यासारखं सांगायला बसले. आपल्याकडे माणूस 'आमना बांध' म्हणतो तेव्हा समोरच्याला बाहेर ठेवून बोलतो. 'आपला बांध' म्हणतो तेव्हा त्याला आत घेऊन बोलतो. दाव्यातला माणूस वर्षानुवर्षं आमना, आमना म्हणत असतो. पण त्याच्याबरोबर जेवा, शेतात बसा, दाव्याचं काही काढू नका. कधीतरी, जुनी गोष्ट सांगता सांगता, त्याच्या तोंडून नकळत 'आपला' जातं. त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. "ते ऐकायला मी जातो," आबा म्हणाले. "दोन्हीकडून एकेकदा ऐकू आलं की बैठक लावायची. त्याआधी लावली तर भांडणच पुन्हा टाइप करून घ्यायचं."

मी मराठीची पदवीधर. मला हे कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं आणि मला ते पटलंही नाही. एका सर्वनामावर दावा कसा ठरेल, असं वाटलं.

आमची विहीर मी आबांकडे नेली ती वर्षभरानं. आधी ते नाहीच म्हणाले. तू माझ्याकडे टाइप करतेस, मी तुमच्या घरचा झालो, हे बरोबर दिसत नाही. मी धरून बसले. माय थकली होती. नानांच्या पाठीचा मणका गेला होता, विटा होत नव्हत्या. हे एकदा सुटलं तर अडीच एकरात काहीही पिकेल आणि मायच्या हातातलं लोकांचं खुरपं सुटेल, एवढंच मला हवं होतं. शेवटी आबा तयार झाले. अट एकच. तयारी सुरू असेपर्यंत मी मोठेबाबांच्या घराकडे फिरकायचं नाही, त्यांना काही विचारायचं नाही. मी फक्त टाइप करायचं.

मी आमच्या दाव्याचा गठ्ठा आणला. आबांनी तो सतरंजीवर ठेवला, त्यावर बसले आणि म्हणाले, "जुना दावा. चांगली उंच बैठक आहे."

आठ महिने ते एसटीनं गावी जात राहिले. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मायकडे पाणी मागून प्यायले, मग आणखी एक तांब्या मागितला. मायनं ते पुढे कित्येकदा सांगितलं. नानांकडून 'आपली' लवकर मिळालं. विहीर खणतानाची गोष्ट सांगताना नाना म्हणाले होते, "आपली विहिरले खडक लागना, तवय भाऊना हात फुटना व्हता." भाऊचा हात फुटला होता, हे आम्हा मुलांना माहीतच नव्हतं.

मोठेबाबा मात्र आमना सोडेनात. आबा त्यांच्या ओसरीवर बसून यायचे, त्यांच्याबरोबर बांधावर चालून यायचे. वहीतल्या रेघा वाढत होत्या त्या एकाच बाजूला. आणि एके दिवशी आबा खोलीत आले ते टोपी हातात घेऊन, चेहरा असा की मी उठून उभी राहिले. मोठेबाबा विहिरीत वाकून बघत होते आणि आतल्या बांधकामातून फुटलेलं एक रोपटं दाखवून म्हणाले होते, "आपली विहिरमा उंबर उगना शे. काढा पाहिजे. नही ते बांधकाम फोडी टाकी."

"तो पाणी मागत नव्हता," आबा म्हणाले. "विहीर फुटेल म्हणून घाबरला होता. पोरी, तुझं काम झालं."

बैठकीचं बोलावणं आबा नेहमी पत्रानं करत, आणि ते पत्र एका पक्षाच्या नावानं दुसऱ्याला जायचं, जसं तो माणूस बोलेल तसं. त्यांच्या पत्रांची मला लाज वाटायची. अहिराणीत लिहिलेली पत्रं. कोर्टाच्या माणसानं पाहिली तर काय म्हणेल. मी तसं एकदा म्हणालेही होते. ते म्हणाले, तू कोर्टाला लिहीत नाहीस. आमच्या पत्राचा मजकूर त्यांनी उभ्या उभ्या सांगितला: "भाऊ, आपली विहिरनं काय करानं ते बसीसन ठरावूत. तू ये." खाली बैठकीचा दिवस, जागा आणि नानांची सही. एवढंच. आणि आबा बैठकीच्या जेवणाचे डाळ-तांदूळ बघायला बाजारात गेले.

मी यंत्रावर कागद चढवला आणि थांबले.

लिखित मराठीत 'आपली विहीर' म्हणजे काय? 'आपले पत्र मिळाले' म्हणजे तुमचं पत्र मिळालं. मग नानांच्या सहीनं 'आपली विहीर' असं गेलं तर त्याचा अर्थ तुमची विहीर. मोठेबाबांच्या वकिलानं हा कागद कोर्टात दाखल केला तर नानांनी लेखी कबुलीच दिल्यासारखं. मी कोर्टाच्या आवारात दोन वर्षं काढली होती. एका शब्दावरून काय काय होतं ते पाहिलं होतं. आणि सातबाऱ्यावर तर विहीर आमच्याच नावावर होती. मी टाइप केलं: 'आमच्या विहिरीच्या वापरासंबंधी विचारविनिमय करण्यासाठी आपण उपस्थित राहावे, ही विनंती.'

भाऊ, तू ये, हे राहिलंच. ते कुठे बसवायचं कळेना.

आबा परत आले. "वाचलंस ना परत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचलं. "मग झालं," ते म्हणाले. कागद वाचायची त्यांना सवयच नव्हती. मी ते पत्र गावी नेलं, नानांना वाचून दाखवलं. नानांना त्यातलं अर्धं कळलं नसावं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "भारी लिखेल शे."

बैठकीच्या दिवशी नाना पहिल्या एसटीनं आले. धुतलेला शर्ट, मायनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी, चौघांना पुरतील एवढ्या. आबांनी फरशीवर खडूनं नकाशा काढला होता. विहीर बांधापासून चांगली लांब, दोन्ही शेतांच्या बाहेर काढली होती. नानांना ते बघवेना. ते दोनदा खडूकडे वळले. आबा म्हणाले, थांब, भावाला येऊ दे.

अकरा वाजले. एक वाजला. आबा दर एसटीच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन बसायचे. तीन वाजता आबांनी नानांना जेवायला सांगितलं. नाना नको म्हणाले. पाचच्या गाडीनं नाना गेले, भाकरी तशाच फडक्यात घेऊन. आबांनी ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून नकाशा पुसला. मी पुसते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, जाऊन विचारून तरी या, काय झालं. ते म्हणाले, जो आला नाही त्याच्या दारात मी परत जात नाही. तीस वर्षं लोकांना घरातून बोलावून आणायचंच काम केलं, आता नाही. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी आमच्यासाठीही मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण नियम त्यांचा होता, चूक माझी होती.

त्यानंतर आबा बदलले. वही काढायचे आणि तशीच ठेवायचे. कुणी बोलत असेल तर मधेच मला विचारायचे, आता काय म्हणाला तो? तू ऐकलंस? सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहेत. आबांचा विश्वास बसला नाही. नवीन प्रकरणं ते परत पाठवायला लागले.

खरं काय झालं ते मला पुढच्या उन्हाळ्यात, शिंदखेड्याला एका लग्नात कळलं. मोठीमाय माझ्याशेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांनी ती आपण होऊन बोलत होती. म्हणाली, तुझ्या मोठेबाबांना जायचं होतं. धोतर धुऊन ठेवलं होतं, नवी टोपी आणली होती. आबा म्हणून गेले होते की पत्र येईल, म्हणून पोस्टमनची वाट बघत होते. पत्र आलं, शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतलं. पहिलाच शब्द 'आमच्या'. गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले:

"आमनी म्हंतस. मंग मी कोन? पाव्हना?"

आणि टोपी काढून खुंटीला लावली.

मी तिथून उठून पाणी प्यायला गेले. त्या पत्राची कार्बन प्रत आबांच्या कपाटात होती, मीच लावलेली. ती मी पुढे काढून फाडली. हेही सांगून टाकते.

मी स्वतःला बरेच दिवस समजावलं की ती व्याकरणाची खबरदारी होती. तशी ती थोडी होतीही. पण 'आपली'च्या जागी 'दोघांची' लिहिता आलं असतं. 'सामाईक' लिहिता आलं असतं, तो शब्द तर कोर्टाचाच आहे. ते सुचलं नाही, कारण मला विहीर आमचीच वाटत होती. तिसरीपासून मी तेच ऐकत आले होते. आबांनी नानांना आठ महिने ऐकलं, मोठेबाबांना ऐकलं. रोज त्यांच्यासमोर बसून टाइप करणारी मी 'आमची' म्हणते की 'आपली', हे ऐकायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मला शिकलेली समजत होते ते.

त्याच वर्षी मला जळगावला सरकारी कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. पेढे घेऊन आबांकडे गेले. ठरवून गेले होते की सांगायचं. ते सतरंजीवर बसले होते, खाली गठ्ठा नव्हता. मला बघून फार आनंद झाला त्यांना. पेढा खाल्ला, चहा टाकला. नेमणुकीची ऑर्डर मागून घेतली आणि त्यांनी, कधी काही न वाचणाऱ्या माणसानं, ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली. मग म्हणाले, "तुझ्या घरचं काम माझ्याच्यानं झालं नाही. त्या दिवशी तुझा मोठाबाबा 'आपली' म्हणाला असं मला ऐकू आलं. मला ते ऐकायचं होतं म्हणून आलं असेल. कान असा फसवतो, हे मला आधी कळायला हवं होतं. किती लोकांची प्रकरणं मी अशी मिटवली असतील कोण जाणे."

ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. आबा, मोठेबाबा म्हणाले होते, तुम्ही बरोबर ऐकलं होतं, मी बदललं. पण मी तेव्हा नोकरीवाली बाई होते, घरातली पहिली, सगळ्यांत हुशार, आणि समोर माझी ऑर्डर उघडी पडली होती. मी म्हटलं, "आबा, चहा उतू जाईल."

ते उठून स्टोव्हकडे गेले. पुन्हा कधीतरी येऊ तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. जळगाव-धुळे काही लांब नाही, दोन-अडीच तासांची एसटी. दोन वर्षांत मी गेले नाही. मग त्यांच्या शेजारणीचं कार्ड आलं की आबा वारले, पंधरा दिवस झाले. शेवटी शेवटी ते कुणाचं भांडण ऐकायला बसतच नव्हते, म्हणायचे मला नीट ऐकू येत नाही. कार्डात एवढंच होतं.

नाना त्यानंतर तीन वर्षांनी गेले. मोठेबाबा आले होते, अंगणाच्या कडेला उभे राहिले, कुणाशी बोलले नाहीत. खांदा मात्र त्यांनी दिला. पुढच्या साली तेही गेले. दाव्यात दोघांचे वारस लागले. आमच्याकडून माय, मी आणि माझा भाऊ; तिकडून मोठीमाय आणि माझा चुलतभाऊ.

तारखेला चुलतभाऊ कोर्टाच्या पायरीवर भेटला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आबांनी काय सांगितलं होतं, मी काय टाइप केलं, का केलं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा तेच झालं असतं. मग त्यानं विचारलं, "ताई, तेवढ्यावर अडेल व्हतं?"

मी म्हटलं, हो, तेवढ्यावर.

"बाले हाई कळाले पाहिजे व्हतं," तो मोठेबाबांबद्दल म्हणाला.

त्याला माझा राग आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण मोठीमाय एके दिवशी सकाळी मायकडे चालत आली आणि दोघी ओट्यावर बसल्या. त्यानंतर वकिलांना फार काही करायचं उरलं नाही.

शिंदखेड्याच्या कोर्टात आम्ही तडजोड पुरसिस, म्हणजे दोन्ही घरांचं आपसात मिटल्याचं लेखी निवेदन, दाखल केली. तिचा मसुदा मी लिहिला आणि सही करण्यापूर्वी सगळ्यांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त होऊन विहिरीवर दोन्ही घरांची नावं लागली. पाणी एक दिवसाआड ठरलं. मोटार बसली, आणि त्या वर्षीपासून माय दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली नाही.